खऱ्या वाक्यांची वही

रविवार, १४ जुलै

बारक्या,

आशीर्वाद लिहायला मन होत नाही, पण कागदावर पेन टेकलं की सवयीने तोच शब्द आधी उमटतो. तेव्हा आशीर्वाद. यापुढचं सगळं रागाने लिहिलेलं आहे, तसंच वाच.

काल दुपारी तुझा कारकून लाँड्रीतल्या बॉयलरच्या खोलीत आला. हातात एक कागद, तोंडावर गुळगुळीत हसू. म्हणाला, "बॉयलरवाले, इथे सही करा. साक्षीदार म्हणून. साहेबांनी सांगितलंय."

मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"नेहमीचंच. रोलरवरच्या मावशींच्या अपघाताचं. इंग्रजीत आहे, तुम्ही नका त्रास घेऊ."

मी त्रास घेतला. चष्मा पुसला आणि तो कागद तीनदा वाचला.

कागद म्हणतो, रोलरपुढची लाल दांडी मावशींनी स्वतःच फडक्याने बांधून ठेवली होती. कागद म्हणतो, त्या वेळी मावशी शेजारणीशी गप्पा मारत होत्या. आणि मग ते वाक्य, त्याच्याखाली तुझी सही: "नायदर वॉज द मशीन डिफेक्टिव्ह, नॉर डिड एनीवन रिपोर्ट अ डिफेक्ट." यंत्रात ना काही बिघाड होता, ना कुणी बिघाड कळवला होता.

कुणी कळवला नव्हता? बारक्या, मी तुझ्या टेबलासमोर तीन वेळा उभा राहिलो. मेमध्ये दोनदा, जूनमध्ये एकदा. तिसऱ्या वेळी तू मान वर न करता म्हणालास, "दादा, हे तोंडी सांगत जा. लेखी तक्रार आली की इंजिनिअर तपासून जाईपर्यंत यंत्र बंद ठेवावं लागतं. मग वॉर्डांना चादरी कोण देणार, तू?"

लाल दांडी कशासाठी असते हे लाँड्रीच्या साहेबाला सांगावं लागू नये. पण ज्याने असा कागद लिहिला त्याला सांगायलाच हवं. ओली चादर तापल्या रोलरमध्ये सोडताना हात फार पुढे गेला, तर तो आधी दांडीला लागतो. दांडी ढकलली गेली की रोलर जागच्या जागी थांबतो. ३ जुलैला मावशींचा हात दांडीला लागला आणि रोलर थांबला नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली. वीस वर्षं या हॉस्पिटलातल्या प्रत्येक खाटेवरची चादर त्या हाताखालून गेली आहे.

कारकुनाला म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय, घरी नेऊन वाचतो. कागद माझ्यापाशी आहे. सही होणार नाही. ५ ऑगस्टला चौकशी आहे, त्याआधी तू तो कागद बदल.

दादा


रविवार, २१ जुलै

बारक्या,

तुझं उत्तर पोचलं. पत्र नव्हे, पुन्हा तोच कारकून. म्हणाला, "साहेब म्हणाले, बॉयलरवाल्यांना इंग्रजी कळत नाही, त्यांचा गैरसमज झालाय. मराठीत समजावून सांग आणि सही घे." मग त्याने मला समजावलं. समजावताना मधली दोन वाक्यं गिळली. मी ती त्याला इंग्रजीतच वाचून दाखवली. बिचाऱ्याचं तोंड वाफेत धरल्यासारखं लाल झालं.

घरी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्या भावाला राग येतो इंग्रजीत आणि तुम्हाला मराठीत. भांडण लागणार तरी कसं?"

म्हणून सांगतो. जानेवारीपासून मी इंग्रजीच्या वर्गाला जातो. सोमवारी आणि गुरुवारी, सहा ते साडेसात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. एक निवृत्त बाई शिकवतात. आम्ही नऊ जण आहोत, त्यात सगळ्यात म्हातारा मीच. शेजारी एक नर्स बसते, ती मला "काका, पुसायचं रबर द्या" म्हणते आणि परत करत नाही.

का जातो, तेही सांगतो, कारण तू कधी विचारणार नाहीस. गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या समारंभात तू पाहुण्यांबरोबर उभा होतास. मी जवळ आलो. पाहुण्याने माझ्याकडे बघून तुला काही विचारलं आणि तू हसत उत्तर दिलंस. मला त्यातला एकच शब्द कळला, बॉयलर. हात जोडून मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू ओठांवर तसंच चिकटून राहिलं होतं, पुसताच येईना. तीन वर्षांपूर्वी तू इथे साहेब होऊन आलास तेव्हा म्हणाला होतास, "दादा, कामावर ओळख दाखवायला नको. लोक म्हणतील, भावाला चिकटवून घेतलं." मी इथे तुझ्याआधी अकरा वर्षं होतो! कोण कुणाला चिकटवणार होतं? तरी मी हो म्हटलं. आजवर पाळलं.

मेमध्ये बाईंनी दोन नकारांचं वाक्य शिकवलं. ना हे, ना ते. आपल्याकडे ते सोपं आहे. ना तो आला, ना त्याने निरोप पाठवला. कुणाला जागा सोडावी लागत नाही. इंग्रजीत तसं नाही. बाई फळ्यावर बाण काढून म्हणाल्या, "नकार वाक्याच्या तोंडाशी आणलात, की 'डज' किंवा 'डिड' उडी मारून पुढे येतं आणि करणारा माणूस त्याच्या मागे जातो." मला हे काही केल्या जमेना. माझा माणूस आपला पहिल्या जागेवरच ठाण मांडून बसायचा. बाई दर वेळी लाल शाईने त्याला उचलून मागे ठेवायच्या.

घरी लिहायला दहा वाक्यं असत. बाकीचे लिहीत, तो ना चहा पितो, ना कॉफी. मला तसं लिहिता येत नाही. आपले गुरुजी आठवतात ना? तिसरीत मी निबंधात लिहिलं होतं, "माझे वडील मला शहरातून बूट आणतात." गुरुजींनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. म्हणाले, "अक्षर वाकडं चालेल. वाक्य खोटं चालणार नाही. पूस." तेव्हापासून सरावासाठीसुद्धा खोटं वाक्य लिहायला हात धजत नाही. देवाचं नाव घेऊन सकाळी बॉयलर पेटवणाऱ्या माणसाने संध्याकाळी वहीत थापा लिहायच्या, हे मला जमणारं नाही.

तेव्हा वहीत जे आहे ते असं. २० मे: "लाल दांडी ना नीट चालते, ना कुणी ती दुरुस्त करतं." खाली बाईंची लाल दुरुस्ती, सही, तारीख. समासात त्यांनी विचारलंय, "लाल दांडी म्हणजे काय? उदाहरण वेगळं आहे, छान." ३० मे: "दांडीची स्प्रिंग ना नवी आली, ना मागवली गेली." १० जून: "साहेबांनी ना माझी तक्रार लिहून घेतली, ना मला लिहू दिली."

तुझ्या कागदातल्या वाक्यात शब्दांची जागा अगदी बरोबर आहे. बाईंना लाल शाई उघडावी लागली नसती. माझी वाक्यं सगळी वाकडी, पण त्यातलं एकही मला पुसावं लागणार नाही.

दादा


शुक्रवार, २६ जुलै

बारक्या,

आज मावशींना भेटून आलो. तिसऱ्या मजल्यावर आहेत. खिडकीजवळची खाट मिळाली म्हणून खुशीत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "या, बॉयलरवाले! बघा, माझ्या खाटेवर सुरकुतलेली चादर घातलीय. खाली आता कोण बसलंय रोलरवर? त्या पोरींना म्हणावं, कोपरे ओढून धरा."

मग डावा हात उचलून चादरीची एक सुरकुती सरळ केली. एकदात सरळ झाली नाही, म्हणून पुन्हा केली.

त्यांना सगळं माहीत आहे. चौकशीत दोष त्यांच्यावर आला तर नोकरी जाणार, आणि चादर आता धरता येणार नाही तेव्हा दुसरीकडे कुणी घेणार नाही. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही का नाही सांगत, फडकं तुम्ही बांधलं नव्हतं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की शेवटी मी खिडकीकडे पाहू लागलो.

"मग विचारतील, कुणी बांधलं?" त्या म्हणाल्या. "त्या फडक्याची गाठ मी रोज बघत होते. दुहेरी फास आणि मध्ये पीळ. लाँड्रीत एकच माणूस तशी गाठ मारतो. मळक्या कपड्यांची गाठोडी त्याच गाठीने बांधलेली असतात, हो ना?"

मी चादरीचा दुसरा कोपरा ओढून धरला.

"आणि तुम्ही दोघं भाऊ आहात, तेही मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कान एका साच्यातले आहेत तुमचे. लपवता लपवता दोघंही थकलात, पण कानांना कोण झाकणार?" असं म्हणून त्या हसल्या. एवढं होऊन ती बाई हसली.

पहिल्या पत्रात मी तुझं बोलणं अर्धंच लिहिलं होतं. आता पुरं लिहितो. १० जूनला तू म्हणालास, हे तोंडी सांगत जा. त्यानंतर म्हणालास, "दांडी आपोआप पडून यंत्र सारखं थांबतंय ना? मग तात्पुरती बांधून ठेव." आणि मी फाटक्या चादरीची पट्टी काढून दांडी बांधली. वैरणीच्या भाऱ्याला आपले आबा मारायचे, ती गाठ. कधी सुटत नाही म्हणून त्यांना तिचा अभिमान होता.

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे. तू सांगितलंस म्हणून. कितीतरी दिवसांनी तू मला चारचौघांत नसताना का होईना, दादा म्हटलं होतंस.

त्या संध्याकाळी वही उघडली. नऊ वाक्यं लिहिली. दहावं लिहायला बसलो तेव्हा खरं लिहायची छाती झाली नाही आणि खोटं लिहिता येत नाही, म्हणून ओळ कोरी सोडली. बाईंनी तिथे लाल शाईने लिहिलंय, "एक वाक्य कमी."

तुझ्यावर ओरडत मी दोन पत्रं लिहिली, आणि ती कोरी ओळ दोन्ही वेळा माझ्यासमोर होती. माझा मलाच इतका संताप आलाय की देवापुढे हात जोडताना आज मान वर होईना. पण तुझ्यावरचा त्यामुळे कमी झाला, असं समजू नकोस.

दादा


गुरुवार, १ ऑगस्ट

बारक्या,

काल संध्याकाळी तू घरी आलास. दोन वर्षांनी आलास. तू गेल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "दोघं बोललात खूप, पण बोलायचं ते राहिलंच." म्हणून लिहितो. तू काय म्हणालास तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे 'मी तसं म्हटलंच नव्हतं' असं तू म्हणायला नको.

तू बूट न काढता दारातच उभा राहून म्हणालास, "दादा, ती वही दे."

वहिनी म्हणाली, "आधी आत या. साहेब असाल ते तिकडे. इथे पायपुसणं सगळ्यांना सारखंच आहे."

मग तू बसलास. म्हणालास, "व्याकरणाच्या सरावाची वही कुठे पुरावा असते का? लोक सरावात काहीही लिहितात. मांजर पेपर वाचतं, असंही लिहितात."

मी म्हटलं, "मी लिहीत नाही. तुला माहीत आहे."

तू तिथेच होतास. मी तिसरीत होतो तेव्हा तू पहिलीत होतास आणि वर्ग एकच होता. बुटांचं वाक्य पुसताना मी रडलो, तेव्हा तू स्वतःची पाटी पुसायचं फडकं मला दिलं होतंस.

मग तू जे बोललास ते ऐकून मी पाणी प्यायला उठलो. तू म्हणालास, "दादा, त्या दिवशी रोलरपाशी पोचल्यावर मी आधी गाठ पाहिली. आबांची गाठ. मला लगेच कळलं कुणी बांधलंय. तुला वाचवायला मावशींचं नाव घातलं. तुझी नोकरी गेली असती."

बारक्या, यावर मला काय वाटलं ते काल सांगता आलं नाही, आज सांगतो. मला वाचवायला? आबांची गाठ ओळखलीस, आणि ती एका परक्या बाईच्या तुटल्या हातात कोंबलीस? माझ्या नावाने हे पुण्य करू नकोस! बांधायला सांगितलं कुणी, हा प्रश्न येऊ नये म्हणून बांधणारा तू बदललास. भावाचं प्रेम खरं असेल, नाही म्हणत नाही. पण त्या प्रेमाच्या आडोशाला तुझी खुर्चीही बसली होती, आणि प्रेमापेक्षा ऐसपैस बसली होती. तीन वर्षं लोकांसमोर मी तुझा कुणी नव्हतो. कागदावर खोटं लिहायची वेळ आली तेव्हा बरा मी भाऊ झालो!

अपघातानंतर दोन दिवसांत नवी स्प्रिंग बसली. दोन दिवसांत! दीड महिना जी मिळत नव्हती ती.

वही मी तुझ्या हातात दिली होती. तू फाडशील असं क्षणभर वाटलं. तू पानं उलटत गेलास. १० जूनच्या पानावर थांबलास, कोऱ्या ओळीवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "इथे काय होतं?"

"जे तुला माहीत आहे ते."

"मग लिहू नकोस, दादा. कोरंच राहू दे. दोघंही वाचतो."

"आणि मावशी?"

तू वही टेबलावर ठेवलीस. वहिनीने आणलेला चहा तसाच निवत राहिला. दारात बूट घालताना नाडीला गाठ मारलीस, आबांचीच. तुझ्या लक्षातही आलं नसेल.

आज वर्गाला जाण्याआधी मी ती ओळ भरली. मागची तारीख घातली नाही, आजचीच घातली. बाईंना तपासायला दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचली. या वेळी लाल शाईने काहीच उचलून मागे ठेवलं नाही. नुसती बरोबरची खूण केली, सही केली, तारीख घातली. म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. तुम्ही बरे आहात ना?"

सोमवारी वही घेऊन मी चौकशीला जातो आहे. तुला आधी सांगितलं नाही, असं होऊ नये.

दादा


मंगळवार, ६ ऑगस्ट

बारक्या,

कालचं सगळं तुझ्यासमोरच झालं. तरी लिहितो, कारण बाहेर पडताना तू जिन्याने गेलास आणि मी मागच्या दाराने.

त्या खोलीत टेबलापलीकडे तिघं होते. मावशी भिंतीशी, हात गळ्यात बांधलेला. तू खिडकीपाशी. अध्यक्षबाईंनी वहीची पानं उलटायला सुरुवात केली तेव्हा तुझा कारकून हळूच हसला. २० मे पाशी त्याचं हसू थांबलं. वर्गातल्या बाईंच्या सह्या आणि तारखा अध्यक्षबाईंनी एकेक करून मोठ्याने वाचल्या. मी उभाच होतो. कुणी बस म्हटलं नाही, आणि मला बसायचंही नव्हतं.

मग दहावी ओळ. त्यांनी ती आधी मनात वाचली. मग इंग्रजीत मोठ्याने वाचली: "नायदर डिड माय ब्रदर अनटाय द बार, नॉर डिड आय." आणि मावशींना कळावं म्हणून मराठीत सांगितली: "दांडी ना माझ्या भावाने सोडली, ना मी."

मला विचारलं, "म्हणजे बांधली तुम्ही?"

"हो. गाठ माझी आहे. मावशींनी बांधली नाही."

"बाकी सगळीकडे साहेब लिहिलंय. इथे भाऊ. हा भाऊ कोण?"

बारक्या, उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण तीन वर्षांपूर्वी मी तुला शब्द दिला होता, आणि तो मोडायचा तर तूच मोडायला हवा होता. मी खाली पाहिलं. भिंतीपलीकडे रोलर चालू होता, त्याची फुस्स फुस्स ऐकू येत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. एक चादर पुरी आत जाऊन बाहेर यावी एवढा.

मग खिडकीकडून तू म्हणालास, "मी."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही काय?"

"भाऊ मी. बांधायला मीच सांगितलं. दादाने तीनदा कळवलं होतं."

मावशी लगेच म्हणाल्या, "मी तर कधीपासून म्हणतेय, कान बघा!" कुणी हसलं नाही. त्यांना त्याची फिकीर नव्हती.

मावशींच्या नावापुढचा दोष खोडला गेला. हात बरा झाल्यावर त्यांना कपड्यांच्या नोंदीच्या टेबलावर घेणार आहेत, डाव्या हाताने लिहायचा सराव आजच सुरू केलाय त्यांनी. मला महिनाभर घरी बसायला सांगितलंय, पुढचं नंतर. तुझंही मला कळलं. खुर्ची गेली.

मी तुला शाबासकी देणार नाही. एका बाईची बोटं गेली, आणि खरं बोलायला आपल्या दोघांना महिना लागला. याचा राग मरेपर्यंत जाणार नाही, तुझ्यावरचाही आणि माझ्यावरचाही. पण एक फरक पडलाय. कालपर्यंत मी चिडलो होतो तो साहेबावर. आता चिडलोय तो भावावर, आणि भावावरचा राग समोर बसून काढता येतो.

रविवारी ये. वहिनी म्हणते, जेवण झाल्याशिवाय भांडायला सुरुवात करायची नाही. गाठोडी बांधायची ती जुनी दोरी मी काढून ठेवलीय. आबांची गाठ सोडायची कशी, ते त्यांनी आपल्याला शिकवलंच नव्हतं. दोघं बसून बघू.

तुझा दादा